ख्रिस्ती धर्मविचारातील पाप आणि क्षमा

परधर्माविषयी बोलताना आपल्याकडील सुशिक्षित मनुष्यही ज्या काही ठरावीक समजुतींवर विसंबून राहतो, त्यांपैकी एक अशी की, ख्रिस्ती धर्मात पापाची क्षमा फार स्वस्त आहे. आठवडाभर मनास येईल तसे वागावे, एक दिवस धर्मगुरूपुढे गुडघे टेकून चार शब्द बोलावेत, आणि कोरी पाटी घेऊन घरी यावे, असे त्या धर्माचे चित्र आपण रंगवितो. आणि त्याच्या शेजारी आपला कर्मसिद्धांत उभा करून, येथे केलेले भोगल्यावाचून सुटका नाही, असे काहीशा समाधानाने म्हणतो. या समजुतीस मुळीच आधार नाही, असे नव्हे. ख्रिस्ती इतिहासात क्षमेचा खरोखर बाजार मांडला गेल्याचे प्रसंग आहेत, आणि त्या बाजाराविरुद्ध सर्वांत मोठा आवाज उठला तोही ख्रिस्ती माणसांचाच. परंतु अपवादावरून नियम ठरवू नये, आणि कोणत्याही धर्माचे मर्म त्याच्या विकृतीत शोधू नये, एवढा न्याय आपण सर्वांसच दिला पाहिजे.

मराठी वाचकास तर हा विषय परका मानून चालणारच नाही. फादर स्टीफन्स, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक यांचे लेखन ज्या दोन शब्दांभोवती फिरते, ते दोन शब्द म्हणजे पाप आणि क्षमा. त्यांचा अर्थ आपल्या सवयीच्या अर्थाने घेतला, तर आपल्याच वाङ्मयाचा एक भाग आपण चुकीचा वाचला, असे होईल. म्हणून या दोन शब्दांमागे कोणता विचार आहे, आणि क्षमा केली तर न्यायाचे काय होते, या मूळ शंकेस तो विचार कोणते उत्तर देतो, हे येथे पाहू.

प्रथम शब्दांकडे वळू. ‘नव्या करारा’च्या ग्रीक भाषेत पापास जो शब्द योजिला आहे, तो साहित्याच्या अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो शब्द ‘हामार्तिया’. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात शोकांतिकेच्या नायकाचा जो प्रमाद सांगितला, तो हाच. या शब्दाचा मूळ अर्थ नेम चुकणे. ‘जुन्या करारा’तील हिब्रू धातूचाही अर्थ तोच आहे. ‘शास्ते’ या ग्रंथात बन्यामीन वंशातील सातशे डावखुऱ्या गोफणदारांचे वर्णन आहे. केसावर नेम धरला तरी तो न चुकविणारे ते वीर होते. तेथे ‘न चुकणे’ या अर्थी जो धातू आला आहे, त्याच धातूपासून हिब्रूतील पापवाचक शब्द झाला आहे. म्हणजे पाप ही मुळात अंगाला चिकटलेली घाण नव्हे, किंवा केवळ मोडलेला नियमही नव्हे. मनुष्य ज्या दिशेस जावयाचा, ती दिशा सुटणे हे पाप होय. हिब्रूत याखेरीज आणखी दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ वाकडेपणा, दुसऱ्याचा बंड. नेम चुकणे, वाकडे होणे आणि बंड करणे या तीन अर्थच्छटा एकत्र केल्या, म्हणजे पापाची ख्रिस्ती कल्पना बरीचशी हाती येते. तिचे केंद्र कृत्यात नसून संबंधात आहे. जो संबंध मनुष्याने ईश्वराशी आणि शेजाऱ्याशी राखावयाचा, तो तुटतो. कृत्य हे त्या तुटण्याचे बाहेर दिसणारे चिन्ह असते.

आता हा विचार कथेच्या रूपाने पाहू, कारण बायबल सिद्धांतापेक्षा कथेतून अधिक बोलते. दावीद राजाने आपल्या सैन्यातील उरीया नावाच्या योद्ध्याची पत्नी बथशेबा हिचा अभिलाष धरला, आणि पुढे ते लपविण्यासाठी उरीयास लढाईत अशा ठिकाणी ठेवविले की तो मारला जावा. राजास विचारणारा कोण? नाथान नावाचा संदेष्टा त्याच्याकडे गेला, आणि त्याने आरोप न करता एक गोष्ट सांगितली. एका गावी एक धनिक होता आणि एक दरिद्री. दरिद्र्याजवळ एकच कोकरू होते. ते त्याच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत निजे. धनिकाकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने स्वतःच्या कळपास हात न लावता गरिबाचे ते कोकरू हिरावून त्याची मेजवानी केली. गोष्ट ऐकून राजा संतापला, आणि असे करणारा मृत्युदंडास पात्र आहे, असा त्याने निवाडा दिला. तेव्हा नाथानाने तो धनिक म्हणजे राजा स्वतःच आहे, असे त्यास सांगितले.

या कथेत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, पापाची जाणीव बाहेरून लादता येत नाही. मनुष्याने स्वतःविरुद्ध स्वतःच निवाडा द्यावा लागतो. दुसरी ही की, दावीदाने सबब सांगितली नाही, दोष परिस्थितीवर किंवा त्या स्त्रीवर ढकलला नाही. स्तोत्रसंहितेतील एक्कावन्नावे स्तोत्र परंपरेने याच प्रसंगाशी जोडले जाते, आणि शुद्ध अंतःकरणाची याचना हा त्याचा विषय आहे. तिसरी गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. नाथानाने राजास क्षमा मिळाल्याचे सांगितले. परंतु त्याच श्वासात, घडल्या कृत्याचे परिणाम त्याच्या घराण्यास भोगावे लागतील, हेही सांगितले. पुढे दावीदाच्या घरात कलह माजला, पुत्र पित्यावर उलटला. म्हणजे क्षमेने संबंध सांधला. घडलेली घटना न घडलेली झाली नाही. उरीया परत आला नाही. क्षमा म्हणजे परिणामांचे उच्चाटन, असे ख्रिस्ती परंपरेचा हा मूळ ग्रंथच मानीत नाही.

यापुढे येते ऋणाची कल्पना. येशूने शिष्यांस जी प्रार्थना शिकविली, ती मत्तय आणि लूक या दोघांनी नोंदविली आहे. लूकने जेथे ‘पाप’ हा शब्द घातला, तेथे मत्तयाने ‘ऋण’ या अर्थाचा शब्द घातला आहे. आणि क्षमा करणे यासाठी ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, त्याचा साधा अर्थ ‘सोडून देणे’ असा आहे. आपल्या परंपरेतही ऋणाची कल्पना फार खोल रुजलेली आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही घेऊनच मनुष्य जन्मास येतो, असे आपण मानतो. परंतु ती ऋणे फेडावयाची असतात. यज्ञाने, अध्ययनाने, संततीने. येशूच्या दृष्टांतात ऋण फेडण्याच्या पलीकडे गेलेले असते, आणि धनको ते सोडतो. फेडणे आणि सोडणे या दोन मराठी क्रियापदांत दोन धर्मविचारांमधील अंतर सामावले आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हे ऋण किती, याचा हिशेबही येशूने एका दृष्टांतात दिला आहे. अपराध्यास सात वेळा क्षमा केली म्हणजे पुरे काय, असे पेत्राने विचारले, तेव्हा येशूने ती मर्यादाच उडवून लावली आणि एका चाकराची गोष्ट सांगितली. हा चाकर राजाचे दहा हजार तालांत देणे लागत होता. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ते कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे झाले. वर्षास तीनशे दिवस काम धरले, तरी ते फेडण्यास दोन लक्ष वर्षे लागतील. चाकर मात्र, थोडी मुदत द्या, सर्व फेडतो, असे म्हणतो. श्रोत्यांस येथे हसू आले असेल. राजाने मुदत दिली नाही, कर्जच सोडले. बाहेर पडताच त्या चाकरास त्याचा एक सोबती भेटला, जो त्याचे शंभर दिनार देणे लागत होता. ही रक्कम पहिलीच्या सहा लक्षांशाएवढी. तेवढ्यासाठी त्याने सोबत्याचा गळा धरला आणि त्यास तुरुंगात घातले. राजास हे कळले तेव्हा त्याने पहिल्या चाकराची सूट रद्द केली. स्वतःस मिळालेली क्षमा दुसऱ्यापर्यंत वाहत गेली नाही, तर ती स्वतःजवळही राहत नाही, हा या दृष्टांताचा भाव. ज्या धर्मात क्षमेस ही अट जोडलेली आहे, त्या धर्मातील क्षमा स्वस्त आहे असे कसे म्हणावे?

परंतु येथे विचारी वाचक हटकेल. राजाने कर्ज सोडले खरे, पण ते पैसे गेले कोठे? हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि ख्रिस्ती धर्मशास्त्राचा गाभा या प्रश्नातच आहे. सोडलेले कर्ज नाहीसे होत नाही. ते सोडणाऱ्याच्या अंगावर पडते. जो क्षमा करतो, तो झालेले नुकसान स्वतः सोसतो. क्रूसावरील मरणाचा अर्थ ख्रिस्ती मनुष्य असा लावतो की, मानवाच्या ऋणाची ही तूट ईश्वराने स्वतःवर घेतली. ती कशी घेतली, याविषयी त्यांच्या पंडितांत एकमत नाही. ११ व्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म याने ईश्वराच्या अप्रतिष्ठेची भरपाई या दृष्टीने त्याची मांडणी केली. पुढच्या शतकात आबेलार याने, त्या प्रेमाच्या दर्शनाने मनुष्याचे हृदय पालटते, यावर भर दिला. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ‘प्रायश्चित्त’ हा आपला जुना शब्द मराठी बायबलात आला, तेव्हा त्याचा कर्ताच बदलला. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त या तीन अध्यायांपैकी तिसऱ्यात प्रायश्चित्त करणारा तो पापी स्वतः असतो. मराठी बायबलात मात्र प्रायश्चित्त ख्रिस्त करतो, आणि तेही दुसऱ्यांच्या पापांसाठी. शब्द तोच, पण त्याचा भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. हे ध्यानात न घेता आपण मराठी ख्रिस्ती लेखन वाचू लागलो, तर पदोपदी अडखळू.

न्यायाची शंका घेणारा मनुष्य बायबलातच एका ठिकाणी उभा आहे, हे मात्र अवश्य सांगितले पाहिजे. उधळ्या पुत्राचा दृष्टांत सर्वश्रुत आहे. धाकट्याने वाटणी मागितली, दूर देशी जाऊन ती उडविली, दुष्काळात डुकरे राखण्याची पाळी आली, आणि शेवटी तो घराकडे वळला. वाटेत त्याने बोलावयाचे शब्द मनाशी जुळवून ठेविले होते : पुत्र म्हणवून घेण्यास आपण पात्र नाही, मजूर म्हणून तरी ठेवावे. पिता त्यास दुरून पाहून धावला. मुलाने बोलण्यास आरंभ केला. पण मजूर म्हणून ठेवण्याची गोष्ट त्याच्या तोंडून निघण्यापूर्वीच पित्याने झगा, अंगठी व जोडे आणविले. येथपर्यंतची कथा आपण सर्व जाणतो. तिचा उत्तरार्ध मात्र पुष्कळदा विसरला जातो. थोरला भाऊ शेतातून परतला, घरात वाद्ये ऐकून त्याने कारण विचारले, आणि रागाने तो अंगणातच थांबला. इतकी वर्षे आपण राबलो, आणि मेजवानी मात्र उधळ्यास, ही त्याची तक्रार खोटी नव्हती. पित्याने ती खोटी ठरविलीही नाही. तो बाहेर येऊन त्याची समजूत घालू लागला. थोरला भाऊ आत गेला की नाही, हे कथा सांगत नाही. दार उघडे आहे आणि तो बाहेर उभा आहे, येथे ती संपते. क्षमेस आक्षेप घेणाऱ्या प्रत्येक सज्जनास त्या अंगणात जागा आहे. आणि आमच्या मते हा दृष्टांत मुख्यतः त्यास उद्देशूनच आहे.

क्षमेची व्यवस्था ख्रिस्ती संस्थेत कशी घडत गेली, याचा इतिहास लांबलचक आहे. तो थोडक्यात असा. आरंभीच्या शतकांत मोठ्या पातकांसाठी उघड प्रायश्चित्त असे, आणि ते बहुधा आयुष्यात एकदाच मिळे. पुढे आयर्लंडमधील मठवासीयांनी खाजगी आणि वारंवार करण्याच्या कबुलीची रीत पसरविली. १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी कबुली देणे प्रत्येक प्रौढावर बंधनकारक केले, आणि ऐकलेले उघड करणाऱ्या धर्मगुरूस कडक शिक्षा ठरविली. गोव्यात ज्यास ‘कुमसार’ म्हणतात, तो संस्कार हाच. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून कोकणीत आला. मध्ययुगाच्या शेवटी शिक्षेत सूट देणारी पत्रे पैशाच्या मोबदल्यात मिळू लागली, आणि १५१७ साली मार्टिन लूथरने त्याविरुद्ध ९५ कलमे मांडली. कॅथलिक पंथानेही ट्रेंटच्या परिषदेत या प्रश्नाचा विचार केला. १५५१ साली तिने पश्चात्ताप, कबुली आणि परिमार्जन ही पाप्याकडून व्हावयाची तीन अंगे स्पष्ट केली, आणि १५६३ साली सूटपत्रांतील अर्थव्यवहारास बंदी घातली. कृपेने मनुष्य नीतिमान कसा ठरतो, या मूळ मुद्द्यावरील वाद पुढे साडेचारशे वर्षे चालला. १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला आउग्सबुर्ग येथे लूथरपंथीय महासंघ व कॅथलिक धर्मपीठ यांनी त्याविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

या तीन अंगांपैकी परिमार्जनाकडे बाहेरच्याचे लक्ष क्वचितच जाते. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार येतो. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याचे, आणि ज्यास ज्यास लुबाडले त्यास चौपट परत करण्याचे जाहीर केले. क्षमा मिळविण्यासाठी दिलेली ही किंमत नव्हे. येशू घरी आला तो त्याआधीच. परंतु क्षमा खरी लागली, तर ती हातांतून बाहेर पडते, एवढे ही कथा सांगते. विद्यार्थ्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास हे समजण्यास ग्रंथ लागत नाही. वर्गाची काच फोडणाऱ्या मुलास आम्ही क्षमा करतो, म्हणजे त्याच्यावरील राग सोडतो, त्यास पूर्वीच्या बाकावर बसवितो. तरी काच बसवावीच लागते, आणि ती बसविण्यास त्याने हात लावला तर त्याचेच मन हलके होते. ज्या मुलास नुसतीच शिक्षा होते तो कोडगा होतो, आणि ज्यास नुसतीच माफी मिळते तो सोकावतो. डीट्रिख बोनहॉफर या जर्मन धर्मचिंतकाने १९३७ साली आपल्या ग्रंथात अशा परिवर्तनाविना मिळणाऱ्या क्षमेस ‘स्वस्त कृपा’ म्हणून तिचा कठोर निषेध केला. हिटलरच्या राजवटीस विरोध केल्याबद्दल १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यास फाशी देण्यात आले. आपण ख्रिस्ती धर्मावर घेतो तोच आक्षेप त्या धर्मातील एका मनुष्याने घेतला, आणि आपल्या मतासाठी प्राणाचे मोल दिले.

मराठीत हा विचार प्रथम विस्ताराने आणिला तो गोमंतकात. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून व आदिमानवाच्या पतनापासून चालते, आणि दुसरे ख्रिस्ताच्या चरित्रास वाहिलेले आहे. म्हणजे पाप आणि त्यातून सुटका हाच त्याचा आराखडा. ओवी, पुराण, वैकुंठ असे आपले शब्द घेऊन त्यांत त्यांनी नवा आशय भरला. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या मनाची उलथापालथ लिहिली. पंडिता रमाबाईंनी बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणण्यास आयुष्याची अखेरची वर्षे दिली. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. ती समजणे आपणांस जड जाऊ नये. पतितपावन हे विठ्ठलाचे बिरुद ज्या परंपरेने कंठी धारण केले, आणि स्वतःस पतित म्हणवून घेण्यात जिच्या संतांस लाज वाटली नाही, ती परंपरा केवळ कर्माच्या हिशेबावर जगत नव्हती. कर्मसिद्धांत आणि कृपा यांचा ताण आपल्या घरातही आहे.

शेवटी एक अलीकडील उदाहरण देतो. ते आपल्या इंदूर परिसरातील आहे. केरळात जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया या फ्रान्सिस्कन पंथाच्या संन्यासिनी देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे आदिवासी व गरीब शेतकऱ्यांत काम करीत. सावकारी कर्जाच्या फासातून लोकांनी सुटावे म्हणून त्या बचतीचे व संघटनेचे धडे देत, आणि त्यामुळे ज्यांच्या हितसंबंधास बाधा आली, त्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला होता. १९९५ च्या २५ फेब्रुवारीस, इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये एका तरुणाने त्यांस भोसकून ठार केले. न्यायालयाने त्यास जन्मठेप दिली. त्यांची धाकटी बहीणही संन्यासिनी. तिने २००२ साली राखीपौर्णिमेच्या निमित्ताने तुरुंगात जाऊन त्या तरुणास राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला, आणि २००६ साली तो सुटला. सुटल्यावर तो केरळात त्या माता-पित्यांच्या घरी गेला, आणि त्यांनी त्यास आत घेतले. २०१७ च्या ४ नोव्हेंबरला इंदूर येथे राणी मारियांस ‘धन्य’ या पदवीने गौरविण्यात आले.

या घटनेत कायदा कोठेही मोडला गेला नाही. खटला चालला, शिक्षा झाली, तिचा मोठा भाग भोगला गेला, आणि सुटका झाली तीही रीतसर. परंतु न्यायालय जे देऊ शकत नव्हते, ते त्या बहिणीने दिले, आणि त्याची किंमत तिनेच सोसली. गरिबांचे कर्ज सुटावे म्हणून झटणाऱ्या स्त्रीच्या घरच्यांनी सर्वांत मोठे कर्ज सोडून दाखविले. त्यांनी राखी निवडली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ख्रिस्ती क्षमेस आपला अर्थ सांगण्यासाठी या भूमीवरील सुताचा एक धागा पुरेसा वाटला.

ख्रिस्ती धर्मातील पापाची व क्षमेची कल्पना सर्वांनी स्वीकारावी, असे आमचे म्हणणे नाही. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी. परंतु ती कल्पना सोपी आहे, स्वस्त आहे, असे म्हणण्यापूर्वी वाचकांनी एक गोष्ट आपल्या मनाशी तपासून पाहावी. ज्याने आपले शंभर दिनार बुडविले आहेत, असा कोणी ना कोणी प्रत्येकाच्या परिचयात असतो. त्याचे नाव मनात आणून ते शंभर दिनार सोडून पाहावेत. ही क्षमा स्वस्त आहे की महाग, याचे उत्तर प्रत्येकास तेथेच मिळेल.